भाड्याच्या मशीनने कार्पेट धुताय? या चुका टाळा

न्यू जर्सीत उन्हाळ्यात भाड्याच्या घराचं लीज संपायला आलं की ओळखीतल्या मुलांचे फोन सुरू होतात. "काका, मशीन आणलंय, आता काय करू?" मी विचारतो, व्हॅक्यूम केलास? पलीकडे शांतता. कोरडी माती भिजवली की चिखल होतो, हे शेतकऱ्यांच्या पोरांना अमेरिकेत येऊन सांगावं लागतं!

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. एडिसनमधलं पहिलं घर सोडताना रग डॉक्टर हे कार्पेट धुण्याचं मशीन चोवीस तासांसाठी भाड्याने आणलं. भाडं भरलंय तर वसूल करू, म्हणून पाणी सोडायचं बटण दाबून ठेवलं आणि एका हॉलमध्ये चार टाक्या पाणी ओतलं. संध्याकाळी कार्पेट लख्ख दिसलं. तिसऱ्या दिवशी सगळे डाग त्याच जागी परत, सोबत दोन तपकिरी पट्टे, आणि घरभर ओल्या गोधडीचा वास. पाणी खालच्या फोमपर्यंत गेलं होतं. वाळताना ते वर चढलं, वातीतून तेल चढतं तसं, आणि तळाचा मळ घेऊन आलं. डिपॉझिटमधून पैसे कापले गेले, ते वेगळंच.

तेव्हापासून माझी सवय अशी: बटण दाबून एकदा मागे ओढायचं, मग बटण सोडून, नुसतं पाणी शोषून घेत, त्याच पट्ट्यावरून तीनदा. नळीतून पाणी परत येताना दिसतंय तोवर थांबायचं नाही. कंटाळवाणं आहे, पण इथे घाई करणाऱ्यांनी सरळ माणूस बोलवावा. नंतर पंखे आणि एसी चालू. जुलैच्या दमट हवेत खिडक्या उघडून काही वाळत नाही, आणि कार्पेट दोन दिवस ओलं राहिलं तर बुरशी धरते.

शाम्पू मी बाटलीवरच्या मापाच्या निम्माच घालतो, शेवटचा हात नुसत्या पाण्याचा. उरलेला साबण चिकट असतो, महिन्याभरात पुन्हा काळं.

हळदीचा डाग मशीन लावायच्या आधी बघा. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे घरोघरी माहीत असतं. पण बरेच कार्पेट शाम्पूही क्षारयुक्तच असतात, हे कुणी वाचत नाही. एकाने आमटीच्या पिवळ्या डागावर तो ओतून लाल डाग करून दाखवला. मी पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून, पांढऱ्या फडक्याने नुसतं टिपतो. घासत नाही. जे उरतं, ते खिडकीतलं ऊन हळूहळू फिकं करतं.

आणि दारापासून किचनपर्यंतचा तो करडा पट्टा? सोफा सरकवून खालच्या रंगाशी ताडून बघा. बऱ्याचदा तो मळ नसतोच. वाळूने धागे खरवडले गेलेले असतात, आणि तिसऱ्यांदा धुऊन उरलेले फक्त भिजतात. न्यू जर्सीच्या कायद्यात रोजच्या वापराच्या झिजेचे पैसे डिपॉझिटमधून कापता येत नाहीत, आणि घर सोडल्यावर 30 दिवसांत मालकाला हिशेब द्यावा लागतो. मशीन परत करून या आणि राहायला आलात त्या दिवशीचे फोटो शोधा.