आवडत्या चित्रकाराकडून काय घ्यावं, काय गाळावं

कला महाविद्यालयातलं फाउंडेशन, म्हणजे पायाभूत अभ्यासक्रम, संपवून पुढच्या वर्गात आलेली मुलं मला हमखास दोन प्रश्न विचारतात. माझी स्वतःची शैली कधी तयार होणार, हा पहिला. आणि अमक्याचं काम मला इतकं आवडतं की माझं सगळं तसंच व्हायला लागलंय, आता त्याची चित्रं बघणं बंद करू का, हा दुसरा. मी पुस्तकांची चित्रं आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं करते, अधूनमधून शिकवते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. बघणं अजिबात बंद करू नका. भरपूर बघा, बघून काढा. फक्त त्यांचं चित्र आणि तुमचा कागद यांच्यामध्ये काहीतरी गाळायला शिका. जे गाळलं ते तुम्हाला स्वतःचं स्वतः भरावं लागतं आणि तुमचा हात घडतो तो तिथे.

नकलेची भीती मला कधी पटलीच नाही. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट हे कला महाविद्यालय १८५७ साली सुरू झालं, आणि तिथे प्रतिकृती करणं हा शिक्षणाचाच भाग होता. १८७२ ते १८८५ या काळात तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. लेण्यांतल्या आकृत्या इतक्या जवळून उतरवलेल्या या माणसाची स्वतःची तैलचित्रं पाहिली की पारशी घरांतली माणसं, त्यांचे कपडे, त्यांचं घरगुती आयुष्य दिसतं. अजिंठा त्यांच्या अभ्यासात राहिला, त्यांच्या विषयावर स्वार झाला नाही.

गाळण्याचं सगळ्यात नेमकं उदाहरण मला अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याकडे सापडतं. जन्म नागपूरचा, १९२४ चा. १९४८ मध्ये जे. जे. मधून पदविका घेतली. सुरुवातीच्या काळात ते भारतीय लघुचित्रांचा, म्हणजे जुन्या छोट्या, बारकाईने रंगवलेल्या चित्रांचा, अभ्यास करत होते. तो करता करता त्यांनी चित्रांतल्या मानवाकृती मनातून काढून टाकायला सुरुवात केली आणि रंगांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तेवढं बघितलं. थांबून विचार करा यावर. लघुचित्र म्हटलं की आपण राधा-कृष्ण, हरणं, झाडांची पानं न् पानं बघतो. ते सगळं बाजूला ठेवलं तर उरतो पिवळ्याचा मोठा पट्टा, त्याला लागून लालाचा छोटासा चौकोन, वर निळ्याची पातळ कड. पुढे रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग लावायची बोथट सुरी) वापरून त्यांनी जी अमूर्त चित्रं केली, त्यांत लघुचित्राची आठवण करून देणारी एकही आकृती नाही. तरी ज्याने रंगांच्या प्रमाणाचा असा अभ्यास केलाय, त्याचंच ते काम आहे, हे कळतं.

गायतोंड्यांवर युरोपातल्या पॉल क्ले या चित्रकाराचाही प्रभाव होता. चित्रकार प्रभाकर बरवे यांच्यावरही होता. दोघेही जे. जे. चे, दोघेही मुंबईत घडलेले, आणि दोघांची चित्रं शेजारी लावली तर एकच चित्रकार दोघांना आवडत होता यावर विश्वास बसणार नाही. बरवे साठच्या दशकाच्या सुरुवातीला विणकर सेवा केंद्र या सरकारी संस्थेच्या नोकरीत बनारसला होते, तिथे तंत्रसाधनेतल्या चित्रांशी त्यांचा जवळून संबंध आला. पुढे त्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, फळ अशा साध्या वस्तू सपाट एनॅमल रंगांत, एकमेकींपासून अंतर राखून येतात. आवड एकच असली तरी तिच्याशेजारी आयुष्यात दुसरं काय येऊन बसतं, कुठली नोकरी, कुठलं गाव, कुठले रंग हाताशी, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून नवीन मुलांना मी सांगते, एकाच्याच मागे लागू नका. एकमेकांशी अजिबात न जुळणारे दोघे-तिघे निवडा. त्यांच्यातला मेळ घालणं हे काम तुमच्याशिवाय कुणी करू शकत नाही.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते.

मी शिकत होते तेव्हा रद्दीच्या दुकानातून जुने दिवाळी अंक घरी आणायचे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे, जवळजवळ एकाच वयाचे, दोघेही अंकांची चित्रं आणि मुखपृष्ठं करणारे. मुळगावकरांची स्प्रेने केलेली मऊ, चकचकीत त्वचा मला बघायला आवडायची, पण काढावीशी वाटली ती दलालांची रेषा. मी ठरवलं, पूर्ण चित्र उतरवायचं नाही. एका बैठकीला एकच प्रश्न. आज फक्त बघायचं, रेषा जाड कुठे होते आणि तुटते कुठे. दुसऱ्या दिवशी फक्त हात. मग फक्त पार्श्वभूमी: तिथे त्यांनी काय काढायचं टाळलंय? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. मुखपृष्ठावर मासिकाचं नाव बसायला जागा लागते. चित्रातली रिकामी जागा ही कामाची गरज असते आणि चांगला चित्रकार तिचंच सौंदर्य करतो, हे मला कुठल्याही व्याख्यानात कळलं नव्हतं.

प्रश्नाचं उत्तर हाताला कळलं की अंक मिटायचा. चहा करायचा, इकडेतिकडे करायचं, आणि मग आठवून काढायचं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षांना आपण सगळ्यांनी स्मरणचित्राचा पेपर दिलाय. बहुतेक जण शाळा सुटली की तो विसरतात. माझ्या मते पुढच्या शिक्षणात इतका उपयोगी पडणारा दुसरा पेपर नाही. आठवून काढताना तुम्हाला जे खरंच भिडलं तेच उरतं. बाकीचं पुसलं जातं आणि त्या जागी तुमच्या नकळत तुमच्या घरातली खुर्ची, तुमच्या आजीची बसायची ढब येते. मूळ चित्र आणि आठवणीतलं चित्र शेजारी ठेवा. जिथे जिथे फरक आहे तिथे पेन्सिलीने खूण करा. ही यादी चुकांची समजू नका. काही खुणा खरंच कच्च्या हाताच्या असतील, त्यांवर सराव हाच उपाय. पण काही खुणा प्रत्येक वेळी त्याच जागी येतात. माझ्या बाबतीत माणसं नेहमी थोडी बुटकी आणि जमिनीला घट्ट चिकटलेली यायची. आजही माझं काम ओळखणारे त्यावरूनच ओळखतात.

गाळायच्या इतर वाटाही आहेत. रंग गाळा. व्हॅन गॉग १८८९-९० मध्ये सँ-रेमीच्या रुग्णालयात होता, तेव्हा त्याने मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून वीसेक चित्रं केली. समोर होत्या त्या काळ्या-पांढऱ्या छापील प्रती. रंग त्याला स्वतःचे घालावे लागले, आणि आज त्या चित्रांतला शेतकरी मिलेचा असला तरी ऊन व्हॅन गॉगचं आहे हे लहान मूलही सांगेल. तुम्ही फोनवर आवडत्या चित्राचा कृष्णधवल फोटो करा, आठवडाभर मूळ बघू नका आणि मग जलरंगात करा. किंवा माध्यम गाळा: तैलरंगातलं चित्र फक्त ब्रश आणि काळ्या शाईत करून बघा. छटा दाखवायची सोय गेली की निर्णय घ्यावाच लागतो, इथे काळं की पांढरं.

विषय मात्र तुमचा असू द्या, आणि तो लवकर शोधा. एस. टी. स्टँड, भाजीबाजार, रसवंतीगृह, शेजारच्यांची गच्ची, काहीही. विषय आपला असला की उसन्या रेषेला तिथे जुळवून घ्यावं लागतं. नऊवारीतल्या नायिकेच्या मानेची रेषा पाठीवर दप्तर अडकवलेल्या मुलीला तशीच्या तशी चालत नाही.

व्यवसायात शिरलात की एक अडचण येतेच. संपादक किंवा जाहिरातवाला मोबाइलवर कुणाचं तरी चित्र दाखवतो आणि म्हणतो, अगदी असं करून द्या. अशा वेळी मी विचारते, यातलं नेमकं काय आवडलं? बहुतेकदा उत्तर येतं, रंग, किंवा मोकळेपणा. तेवढं घेऊन माझ्या पद्धतीने कच्चं रेखाटन देते, आणि ते चालतं. कायदाही माहीत असू द्या. आपल्याकडे शैलीवर कुणाची मालकी नसते, पण प्रत्यक्ष चित्रावर चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं सगळ्यांना खुली आहेत. दलाल गेले १९७१ मध्ये, म्हणजे त्यांच्या चित्रांवर २०३१ संपेपर्यंत हक्क आहे. घरच्या अभ्यासासाठी केलेल्या प्रतिकृतीच्या कोपऱ्यात 'अमक्यांच्या चित्रावरून' असं लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. आणि हयात असलेल्या, आपल्याच बरोबर धडपडणाऱ्या चित्रकाराची हुबेहूब ढब उचलून कामं घेऊ नका. कायदा अडवणार नाही, पण त्याच्या ताटातलं ते आहे.

वर्षातून एकदा सगळं काम जमिनीवर पसरा. स्केचबुकं, फुकट गेलेले कागद, सगळं. चित्रकलेशी संबंध नसलेल्या एखाद्याला बोलवा आणि विचारा, यात सारखं सारखं काय दिसतंय. माझ्या आईने सांगितलेली गोष्ट मला कुठल्याच प्राध्यापकाने सांगितली नव्हती: तुझ्या चित्रात कुणीही एकटं नसतं. त्यानंतर मी गर्दीची चित्रं मुद्दाम घ्यायला लागले.

आणि मूळ चित्रं बघायला जा. पडद्यावर प्रत्येक चित्र एकाच मापाचं आणि सारखंच गुळगुळीत दिसतं. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली लघुचित्रं आणि काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी चालत जाण्याइतकी जवळ आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्यांनी सातारा जिल्ह्यातल्या औंधला जावं. तिथल्या श्रीभवानी वस्तुसंग्रहालयात रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत. कापडाच्या घडीवर रंग किती जाड आहे आणि सावलीत किती पातळ, हे तिथे नाक लावण्याइतकं जवळून बघा. स्केचबुक आणि एक ४बी (मऊ, गडद) पेन्सिल बरोबर ठेवा, आणि काढत बसण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्यांची परवानगी घ्या.