कैद्यांची सुरक्षा: तुरुंग प्रशासनानं या चुका टाळाव्यात

बराकीत मारामारी झाली की ‘सुरुवात कुणी केली?’ एवढंच विचारलं जातं. ‘या दोघांना एकत्र ठेवलं कुणी?’ हेही विचारा. कच्चे कैदी आणि शिक्षा झालेले, मुलं आणि प्रौढ, स्त्रिया आणि पुरुष यांना वेगवेगळं ठेवायचं, हे कैद्यांना कसं वागवावं यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांत (2015) स्पष्ट आहे. पण तेवढ्यानं भागत नाही. कुणाशी जुनं वैर आहे, कुणाविरुद्ध साक्ष दिली आहे, हे पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एकट्यात विचारून घ्या. रांगेत विचारलंत तर ‘काही नाही साहेब’ याखेरीज काही हाती लागत नाही.

दुसरी चूक सोयीची, म्हणून चिवट. माणसं कमी पडली की एखाद्या दांडग्या कैद्यावर बराक सोपवायची. बराक शांत होते खरी. पण झोपायला जागा कुणाला, पाणी आधी कुणाला, घरी फोन कुणी करायचा, हे तो ठरवू लागतो आणि प्रत्येक गोष्टीचे पैसे वसूल करतो. कैद्याच्या हाती शिस्तीचे अधिकार देऊ नयेत, असं मंडेला नियमांतला नियम 40 बजावतो.

मार खाल्लेल्यालाच ‘संरक्षणासाठी’ एकांत कोठडीत टाकणं मला सगळ्यांत वाईट वाटतं. मारणारा आपल्या जागी, आणि याचं काम, मोकळी हवा, सोबत सगळं बंद. पुढच्या वेळी तो तोंड उघडेल कशाला? हलवायचं तर मारणाऱ्याला हलवा. दिवसाचे 22 तास किंवा जास्त माणसांच्या सहवासाविना ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि सलग 15 दिवसांपुढे त्याला याच नियमांत मनाई आहे.

तक्रारपेटीची किल्ली त्याच बराकीच्या शिपायाच्या जुडग्यात असेल, तर पेटी रिकामीच निघणार. किल्ली बाहेरच्या माणसाकडे द्या.

‘न्हाणीघरात पाय घसरून पडला’ हे वाक्य नोंदवहीत वरचेवर दिसू लागलं, तर त्या वेळी ड्युटी कुणाची होती ते पाहा. पाठीवर काठीच्या रुंदीचे जोडवळ, म्हणजे शेजारी-शेजारी दोन समांतर वळ, पडल्यानं उठत नाहीत. डॉक्टरांनी शिपायाला बाहेर थांबवून तपासावं. जखमेची जागा, माप, रंग आणि कैदी जे सांगतो ते त्याच्याच शब्दांत लिहावं.

कोठडीत मृत्यू झाला तर जागा धुऊ नका. बाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेला लगेच कळवा, आणि ज्याच्यावर संशय आहे त्या कर्मचाऱ्याला साक्षीदारांच्या बराकीकडे फिरकू देऊ नका.