सुरी घासायला बेल्ट निवडताना

सुरीचं पातं वाया जातं ते बहुतेक वेळा तापून, आणि तापतं ते घासायच्या मशीनवर फिरणाऱ्या बोथट बेल्टमुळे. बेल्टवर चिकटवलेला दाणा धारदार असेल तर पोलाद कापलं जातं आणि बरीचशी उष्णता ठिणग्यांबरोबर निघून जाते. झिजलेला दाणा नुसता घासत राहतो. म्हणून बेल्ट घेताना नंबराच्या (नंबर जितका मोठा, तितका दाणा बारीक) आधी दाणा कशाचा आहे ते बघा.

जाड पट्टीवरून भराभर माल काढायचा असेल तर ३६ किंवा ६० नंबरचा सिरॅमिक दाण्याचा बेल्ट घ्या. दाबाखाली त्याचा दाणा बारीक बारीक तुटतो आणि नवी टोकं वर येत राहतात. हलक्या हातानं चालवलात तर तो तुटत नाही. वरून गुळगुळीत होतो आणि महागाचा बेल्ट चकाकून बसतो. झिर्कोनिया या दाण्याचंही तेच. १२० च्या पुढे जोर लावायचाच नसतो, तिथे साधा ॲल्युमिनियम ऑक्साइड पुरतो. घडाईनंतरची काळी खपली मात्र नव्या बेल्टनं काढू नका. ती कडक असते, दाण्याची टोकं मारून टाकते. त्यासाठी जुनाच लावा.

पाणी पाजण्याआधी, म्हणजे पातं तापवून तेलात बुडवून कडक करण्याआधी, धारेशी साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडी ठेवा. त्याहून पातळ पातं तेलात वाकण्याची भीती असते. नंतर तीच जाडी ०.२ ते ०.३ मिलिमीटरवर आणायची, आणि खरी परीक्षा इथेच. साध्या कार्बन पोलादाचं टेम्परिंग (कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं) २०० अंशांच्या आसपास होतं. धार त्याहून तापली की पाणी उतरलंच. निळा रंग दिसला म्हणजे पारा ३०० अंशांच्या घरात गेला. रंग पॉलिशनं निघतो, कडकपणा परत येत नाही.

या टप्प्याला नवाकोरा ६० किंवा १२० चढवा आणि मशीनचा वेग उतरवा. हातमोजे नकोत: ते बेल्टमध्ये ओढले जाऊ शकतात, शिवाय तापलेलं बोटांना कळत नाही. पातं पाण्यात बुडवून ओलंच लावा आणि धारेजवळच्या थेंबावर नजर ठेवा. तो चुरचुरला की लगेच उचला.

पुढे २२०, मग ४००. ६० वरून थेट २२० वर उडी मारलीत तर खोल ओरखडे तळाशी राहतात आणि शेवटच्या पॉलिशला उठून दिसतात. दर नंबराला पातं जरा तिरकं धरा, म्हणजे आधीचे ओरखडे वेगळे ओळखू येतात. पिरॅमिडसारख्या रचनेच्या बेल्टवर ए ४५, ए ३० असे आकडे असतात. तिथे हिशेब उलटा: आकडा जितका लहान, तितका दाणा बारीक. ए ३० ढोबळमानाने ६०० च्या जवळपास पडतो.

बेल्टच्या पाठीचं कापड किती ताठ आहे ते अक्षरानं सांगतात: सपाट बाजूंसाठी ताठ पाठीचा एक्स किंवा वाय बेल्ट, मुठीच्या गोलाईसाठी लवचीक जे. बेल्टच्या टोकांचा सांधा एकावर एक चढवलेला असेल तर दर फेरीला पात्यावर ठोका बसतो. टोकाला टोक जुळवून मागून पट्टी लावलेला बरा. पाठीवर बाण असेल तर बेल्ट त्याच दिशेनं फिरू द्या. घडी घालून ठेवू नका, दाण्याखालचा गोंद तडकतो आणि बेल्ट तिथेच तुटतो. जाड पाइपवर, कोरड्या जागी टांगा.

ठिणग्या कमी झाल्या आणि हाताला जास्त रेटावं लागलं की बेल्ट उतरवा. झिजलेल्या ६० ला १२० समजून वापरू नका. मधूनच एखादा शाबूत दाणा खोल रेघ मारून जातो. लाकडी मुठीलाही तो नको, त्यात अडकलेली पोलादाची भुकटी लाकूड काळं करते. खपली काढायला ठेवा.