बहात्तरच्या दुष्काळाची आठवण टिपून घेताना

धुळे-जळगावकडच्या घरांत १९७२च्या दुष्काळाच्या गोष्टी अजून निघतात. त्या टिपून घ्यायच्या असतील, तर आठवण प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते आणि तिच्यातल्या रिकाम्या जागा पुढे ऐकलेल्या गोष्टींनी भरतात, हे आधी ध्यानात घ्यावे. म्हणून पहिला प्रश्न मोकळा असावा: "आजी, त्या वर्षी काय काय झालं?" ती अहिराणीत बोलू लागली, तर मुळीच अडवू नये. "दुष्काळी कामावर खडी फोडायला किती लांब जायचीस?" असे विचारले, की ती गेलीच होती हे आपणच ठरवून टाकतो. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४च्या प्रयोगात अपघाताची चित्रफीत पाहिलेल्यांना वेग विचारताना धडकेसाठी अधिक जोरकस क्रियापद वापरले, तेव्हा आठवड्याने फुटलेली काच पाहिल्याचे सांगणारे वाढले. चित्रफितीत अशी काच नव्हतीच.

घरातल्या प्रत्येकाचे वेगवेगळे ऐकावे. माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे. मिलोची, म्हणजे त्या वेळी बाहेरून आलेल्या तांबड्या ज्वारीची, लाल भाकरी काकांनीही सांगितली, तर ती खाल्ली होती की नुसती ऐकली होती, हे हळुवारपणे विचारावे. सांगणाऱ्याचा ठामपणा पुरावा मानू नये. पहिले कथन तारखेसह जसेच्या तसे जपावे आणि पुढे बदललेला तपशील न खोडता शेजारी लिहावा.