सर्दीच्या गोळ्यांचे बॉक्स मागणारं गिऱ्हाईक: मेडिकल दुकानदाराने काय करावं

चोंदलेल्या नाकावरच्या काही गोळ्यांत स्यूडोइफेड्रिन असतं आणि त्यापासून मेथॅम्फेटामिन हा अमली पदार्थ बनवता येतो. मोठी गळती अर्थात कारखान्यांतून होते. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापुरातल्या एका कारखान्यातून १८ टनांच्या आसपास इफेड्रिन (स्यूडोइफेड्रिनचं जवळचं भावंड, त्यापासूनही मेथॅम्फेटामिन बनतं) पकडलं, त्यापुढे आपल्या काउंटरवरचा माल म्हणजे चिल्लर. पण मोठी वाट अडली की अमली पदार्थ बनवणारी मंडळी किरकोळ दुकानांच्या पायऱ्या चढतात.

आधी स्वतःचं कपाट तपासा. बॉक्सवरचं ब्रँडचं नाव बघून काही कळत नाही, मागचे घटक वाचा. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत आता फेनिलेफ्रिन असतं. त्याचा मेथॅम्फेटामिन बनवणाऱ्यांना काही उपयोग नाही, तेव्हा त्या मागणाऱ्याकडे संशयाने बघू नका. स्यूडोइफेड्रिनवाल्या ब्रँडची छोटी यादी काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि तो माल गिऱ्हाइकाचा हात पोचणार नाही अशा कप्प्यात ठेवा.

मग डॉक्टरची चिठ्ठी. इथे बहुतेक दुकानं ढिली पडतात, कारण ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकाच. नाहीतर तोच कागद संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या मेडिकलमधून फिरून येतो. बिल फाडा, त्यावर पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहा. एच१ या जास्त कडक नियमांच्या वर्गातल्या औषधांची वेगळी नोंदवही ३ वर्षं जपावी लागतेच. तीच शिस्त या गोळ्यांना लावली तर बिघडत काहीच नाही.

अमेरिकेत २००६ पासून या गोळ्या काउंटरमागे गेल्या. एका माणसाला दिवसाला ३.६ ग्रॅम स्यूडोइफेड्रिन, ३० दिवसांत ९ ग्रॅम, फोटो ओळखपत्र दाखवायचं, वहीत सही करायची आणि दुकानाने ती वही २ वर्षं सांभाळायची. तरी टोळ्यांनी पळवाट काढलीच: दहा माणसं, दहा दुकानं, प्रत्येक ठिकाणी मर्यादेच्या आतली खरेदी. पुढे बऱ्याच राज्यांना दुकानांच्या नोंदी संगणकाने एकमेकांना जोडाव्या लागल्या. आपल्याकडे निदान तालुक्याच्या केमिस्ट असोसिएशनचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. त्यावर सुप्रभातच्या फुलांसोबत "अमुक गोळीची मोठी मागणी घेऊन कुणी आलं होतं का?" एवढं विचारायला काय हरकत आहे? माणसाचा फोटो मात्र टाकू नका. निरपराध माणूस गावभर बदनाम होतो.

संशय कशावरून घ्यायचा? कपड्यांवरून किंवा बोलीवरून नाही, मागणीवरून. स्ट्रिपऐवजी बॉक्स मागणं, रोख देऊन बिल नको म्हणणं, आजार विचारला की गडबडणं, थोड्या थोड्या वेळाने वेगवेगळ्या पोरांनी येऊन तीच गोळी मागणं.

अशा वेळी हुज्जत घालू नका. "चिठ्ठीशिवाय मिळत नाही" एवढंच म्हणा. पाठलाग नको, दम देणं नको. गिऱ्हाईक गेल्यावर वेळ, मागितलेला माल आणि दिसला असेल तर गाडीचा नंबर लिहून ठेवा. सीसीटीव्हीचं चित्रण लगेच वेगळं काढा, कारण मशीन जुनं पुसत जातं. मग १९३३ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा एफडीएच्या, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, औषध निरीक्षकांना कळवा.

रसायनं विकणाऱ्यांसाठी एकच गोष्ट: अ‍ॅसेटिक अनहायड्राइडसारख्या, अमली पदार्थ बनवायला वापरता येणाऱ्या नियंत्रित रसायनाच्या व्यवहाराला अमली पदार्थ नियंत्रण विभागाची, म्हणजे एनसीबीची नोंदणी लागते. "कागद उद्या आणून देतो" म्हणणाऱ्याला माल आज द्यायचा नाही.

आणि स्टॉक महिन्यातून एकदा खरेदीच्या बिलांशी ताडून बघा. गोळ्या पुढच्या दारानेच जातात असं नाही. हिशेबात बॉक्स कमी भरले तर आधी दुकानातल्या पोरांना, नंतर माल टाकणाऱ्या स्टॉकिस्टला विचारा, आणि तो आकडा तारखेसह वहीत लिहा.