सुरुवात कॉलरमागच्या लेबलापासून करा

मी शाळेत इतिहास शिकवते आणि दर शनिवारी दुपारी लालबागला मंडळाच्या खोलीत सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन बसते. जागतिक नागरिकत्वाचा विषय पहिल्यांदा घेतला तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांचा तक्ता भिंतीवर लावला. मुलांनी तो धडाधड पाठ म्हटला आणि दोन आठवड्यांत विसरूनही गेली. २०१५ साली ठरलेल्या या उद्दिष्टांपैकी ४.७ क्रमांकाच्या लक्ष्यात या शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. तुम्ही ते जरूर वाचा, पण मुलांपुढे आधी एखादा कपडा ठेवा.

घरून लेबल असलेला एखादा कपडा आणायला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. घरात कुणाचाही चालेल. भिंतीवर जगाचा नकाशा, जवळ टाचण्या आणि लोकरीचा गुंडा एवढं पुरतं. लेबलवरचं गाव किंवा देश शोधायचा, तिथे टाचणी टोचायची आणि लोकर मुंबईपर्यंत ओढून आणायची. बरेच कपडे भारतातलेच निघतील, तिरुपूरचे वगैरे. हिरमुसू नका, ती लोकरही ओढा. आमच्याकडे एका मुलाने धुऊन धुऊन पुसट झालेलं लेबल खिडकीशी उजेडात धरून वाचलं: बांगलादेश.

मग मी राणा प्लाझाबद्दल सांगितलं. ढाक्याजवळची ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसं गेली. त्यातली बहुतेक कपडे शिवणारी होती. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी दुसऱ्या दिवशी कामगारांना कामावर बोलावलं गेलं. एवढंच सांगा. फोटो दाखवू नका. मी एकदा दाखवले, तर मुलं ‘बिचारे’ म्हणून गप्प बसली आणि पुढे एकही प्रश्न आला नाही.

त्याऐवजी घरी विचारायला चार प्रश्न द्या. गिरणीत कोण होतं? कुठल्या खात्यात? पाळी किती तासांची? कुणाला लागलं तर काय व्हायचं? गिरणगावात उत्तरं मिळायला वेळ लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि त्यांची नातवंडं आज तुमच्या वर्गात असतील. दुसरीकडे असाल तर बंदर, मासळीबाजार, बांधकाम, जे जवळ असेल ते घ्या. एक मात्र जपा. कुणाची आई घरी पीसवर, म्हणजे नगामागे पैसे घेऊन, धागे कापत असेल, तर ते पोराने आपणहून सांगेपर्यंत चारचौघांत विचारू नका.

पुढच्या शनिवारी एका मुलीचे आजोबा आले. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. त्यांनी तो बांगलादेशचं लेबल असलेला टी-शर्ट हातात घेतला, अंगठ्याने कापड चोळून पाहिलं, आतली शिवण उलटी केली आणि मुलांनाच विचारलं, “यांची युनियन हाय का?”

मला जे तीन तासांत जमलं नसतं ते या एका प्रश्नाने झालं. उत्तर मी दिलं नाही, तुम्हीही देऊ नका. शोधायला आठवडा द्या. मुलांनी शोधून आणलं, की त्या दुर्घटनेनंतर कपड्यांच्या कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात आग आणि इमारतींच्या सुरक्षेबद्दल कायद्याने बंधनकारक करार झाला. एका मुलीने गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे शोधले. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी सुरू झाली, ती त्यांच्या लढ्यामुळे. आपली सुट्टी कुणीतरी मागून घेतलेली आहे, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटचा तास पत्राचा ठेवा. लेबलवरच्या कंपनीला एकच प्रश्न विचारायचा: हा कपडा कोणत्या कारखान्यात शिवला? आधी मराठीत लिहू द्या, तिथे मुलांचा खरा राग आणि खरं कुतूहल उतरतं; मग सगळ्यांनी मिळून इंग्रजी करा. खाली मुलांची नावं नकोत, गटाचं नाव पुरे. पत्राची प्रत नकाशाशेजारी लावा, तारखेसह. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर दुसरं पत्र लिहा आणि तेही तिथेच लावा.