एरर दाखवते ती ओळ बरोबर असेल तर? सिंटॅक्स एरर सोडवताना या चुका टाळा

प्रोग्रॅमिंग शिकायला लागल्यावर सुरुवातीचे कित्येक तास सिंटॅक्स एररमध्येच, म्हणजे भाषेचे लेखननियम मोडल्याने येणाऱ्या चुकांमध्येच जातात. चूक बहुतेकदा एखाद्या चिन्हाची असते. वेळ जातो तो ती शोधण्यात, कारण आपण भलत्याच ओळीकडे बघत बसतो. स्क्रीनवर ‘ओळ 7’ दिसलं की सातवी ओळ दहा वेळा वाचली जाते. तिथे सगळं बरोबर असतं. मग वैतागून तीच ओळ बदलली जाते आणि एकाच्या दोन चुका होतात.

एररमधला ओळ क्रमांक म्हणजे संगणक जिथे अडला ती जागा. चूक तिथे असते, नाहीतर तिच्या वर. त्यामुळे आधी ती ओळ वाचा आणि तिथे काही सापडलं नाही तर लगेच वरच्या ओळीवर जा.

पायथनमधल्या या दोन ओळी पाहा. कोड इथे देवनागरीत लिहिलाय. इंट, इनपुट, इफ असे शब्द टाइप करताना इंग्रजीतच हवेत. ‘वय’ आणि ‘पुढचे’ ही व्हेरिएबलची नावं मात्र पायथन 3 मध्ये देवनागरीतही चालतात.

वय = इंट(इनपुट("वय? ")
पुढचे = वय + 1

पहिल्या ओळीत दोन कंस उघडलेत, बंद एकच झालाय. कंस उघडा असेपर्यंत पायथनच्या लेखी ओळ संपतच नाही. तो दुसरी ओळ पहिलीचाच पुढचा भाग समजून वाचायला लागतो आणि ‘पुढचे’पाशी अडखळतो. जुन्या आवृत्त्या अशा वेळी दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवून नुसतं ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ म्हणायच्या, आणि बिचारा शिकणारा ‘वय + 1’मध्ये काय चुकलं ते शोधत बसायचा. ऑक्टोबर 2021 मध्ये आलेल्या पायथन 3.10 पासून हे खूप सुधारलं. आता बंद न झालेला कंसच दाखवला जातो. तुमच्याकडे त्याआधीची आवृत्ती असेल तर एवढ्या एका कारणासाठीही ती बदलून घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

कंस नजरेने जुळवू नका, मोजा. ओळीच्या सुरुवातीपासून निघा, कंस उघडला की एक मिळवा, बंद झाला की एक वजा करा. शेवटी शून्य यायला हवं. वरच्या पहिल्या ओळीत एक उरतो.

सी भाषेत हाच प्रकार सेमिकोलनच्या बाबतीत होतो. कंपायलर, म्हणजे आपला कोड संगणकाच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, सांगतो, ‘एक्स्पेक्टेड सेमिकोलन बिफोर रिटर्न’. वाचणारा ‘रिटर्न’ हा शब्द धरून बसतो. खरी माहिती ‘बिफोर’मध्ये आहे: रिटर्नच्या आधी जी ओळ संपली, तिच्या शेवटी सेमिकोलन राहिलाय. एक महिरपी कंस सुटला तर वीस-वीस एरर येऊ शकतात. ते बघून घाबरू नका आणि एकेक सोडवतही बसू नका. फक्त पहिली एरर दुरुस्त करा, पुन्हा चालवा. बाकीच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका

या चुकांबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण इथे शिकणाऱ्याचा स्वतःवरचा विश्वास डळमळतो. कोड पुस्तकातल्यासारखा अगदी तंतोतंत दिसतो, तरी चालत नाही. बऱ्याचदा तो कुठूनतरी कॉपी-पेस्ट केलेला असतो. वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हं " " बदलून वळणदार “ ” करतो, आणि प्रोग्रॅमिंग भाषांना ही वळणदार चिन्हं अवतरणचिन्हं म्हणून कळत नाहीत. वेब पेजवरून आलेली एखादी स्पेसही साधी स्पेस नसते. दिसायला सारखीच, पण आतून वेगळं अक्षर. ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ किंवा ‘नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर’ असं आलं, की तेवढा भाग खोडून हाताने पुन्हा टाइप करा. मुळात सरावाचा कोड पेस्ट करूच नये, या मताचा मी आहे.

मराठी कीबोर्ड चालू राहिला तर आणखी एक गंमत होते. कोडमध्ये ‘वय = १८’ लिहिलं तर पायथन ते नाकारतो. पण प्रोग्रॅम चालू असताना इनपुटमध्ये कुणी १८ टाइप केलं, तर इंट त्याचे बिनचूक 18 करून देतं.

इंडेंटेशनमध्येही, म्हणजे ओळी आत सरकवून लिहिण्यातही न दिसणारी गडबड असते: एक ओळ टॅबने सरकवलेली, दुसरी स्पेसने. पायथनच्या शैलीनियमांत 4 स्पेस सांगितल्यात. एडिटरच्या सेटिंगमध्ये टॅब दाबल्यावर 4 स्पेस पडतील असं एकदाच करून ठेवा. इफ, फॉर, व्हाइल, एल्स, डेफ यांच्या ओळीशेवटचा कोलनही तपासा. आणि ‘क्लास = 8’ असं लिहू नका; क्लास हा पायथनचा राखीव शब्द आहे, इयत्तेसाठी दुसरं नाव घ्या.

एररच येत नाही तेव्हा

तुलनेसाठी बरोबरची दोन चिन्हं (==) लागतात. पायथनमध्ये ‘इफ अ = 5:’ लिहिलं तर तो तिथेच थांबवतो, हे बरंच. सीमध्ये ‘इफ (अ = 5)’ बिनतक्रार कंपाइल होतं, अ ची किंमत 5 होते आणि अट कायम खरी ठरते. फॉरच्या कंसानंतर चुकून पडलेला सेमिकोलनही तसाच: लूप रिकामंच फिरतं आणि खालचा ब्लॉक एकदाच चालतो. जीसीसी हा सीचा कंपायलर वापरत असाल तर ‘-वॉल’ (-Wall) पर्याय देऊनच कंपाइल करा. तो इफमधल्या एकट्या बरोबरच्या चिन्हाबद्दल वॉर्निंग देतो. वॉर्निंग आहे, एरर नाही, म्हणून ती सोडून देऊ नका.

एवढं करूनही चूक सापडली नाही तर कोडचा खालचा अर्धा भाग कॉमेंट करून, म्हणजे संगणकाने तो सोडून द्यावा अशी खूण करून चालवा. एरर गेली तर चूक त्या अर्ध्यात, राहिली तर वरच्यात. मग चूक असलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. 64 ओळींचा प्रोग्रॅम असेल तर सहा वेळा चालवून साधारण एका ओळीपर्यंत पोचता येतं. दर वेळी एकच बदल करा. पायथनमध्ये एखाद्या इफच्या आतल्या सगळ्या ओळी कॉमेंट झाल्या तर तिथे ‘पास’ हा शब्द लिहा, नाहीतर रिकाम्या ब्लॉकची नवीच एरर येईल आणि तुम्ही जुनी समजून तिच्यामागे लागाल.